येळवसेची सुट्टी

१ डिसेंबर, रविवार

अव्वाने आज माझ्या जॉबचं, म्हणजे रोज सकाळी आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅमचं, बारसं केलं. नाव ठेवलं सालगडी.

सकाळी सात वाजता मी चहा घेऊन बसले होते आणि तिकडे गावात एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांच्या घरी एकामागून एक फोन वाजत होते. फोनवरचा आवाज माझाच, रेकॉर्ड केलेला. 'राजूमावशी, मी सुधा. बऱ्या आहात ना? बऱ्या असाल तर एक दाबा.' कुणी अज्जी, कुणी अण्णा, कुणी अक्का, ज्याची त्याची हाक मी वेगळी बोलून ठेवली आहे. एक दाबलं की झालं. दोनदा फोन करूनही उत्तर आलं नाही, तर शेजारच्या ठरलेल्या माणसाला मेसेज जातो: अमक्यांनी उत्तर दिलं नाही, जाऊन बघा. पोरं पुण्या-हैदराबादेत आणि म्हातारे कमलनगरात, म्हणून ही कल्पना वीरण्णा अप्पांनी काढली. ते रिटायर मास्तर. संस्था त्यांची, हुकूम त्यांचे, टायपिंग माझं.

अव्वा म्हणाली, "तू हितं चा प्यायलीस, मग फोन कोण करायलंय?"

तिला लॅपटॉपचा काळा पडदा दाखवला. म्हटलं, इथे एकेक ओळ लिहून जॉब तयार करायचा, आधी घरीच चालवून बघायचा, चुका काढायच्या. मग एक कमांड दिली की तो वर क्लाउडवर जातो, त्याला डिप्लॉय म्हणतात. मग मी झोपलेली असले तरी तो तिकडच्या मशीनवर ठरल्या वेळी उठतो आणि कामाला लागतो.

"म्हंजे सालगडीच की गं. आमच्या रामसारखा. फरक येवढाच, राम जेवतंय."

राम आमच्या शेतावर सालाने आहे आणि तो चार माणसांचं जेवतो हे खरं आहे. मी हसत होते तेवढ्यात यादीत राजूमावशीचं नाव दिसलं आणि अव्वा उठून आत गेली. दोघींचं दसऱ्यापासून बोलणं नाही. कुणाच्या तरी बारशात राजूमावशी चारचौघींत अव्वाचं नाव घेऊन म्हणाली, चंद्रम्मानं लेकीला कॉम्प्युटर राखायला घरात बसवून ठेवलंय. चाळीस वर्षांची मैत्री, आणि तुटली माझ्यावरून. मला काही वाटलं नव्हतं. म्हणाली ते काही फार खोटंही नव्हतं.

मावशीच्या शेजारचं माणूस म्हणून नाव मात्र अव्वाचंच आहे. बदलू का विचारलं तर म्हणाली, "राहू दे. भांडण तोंडाचं हाय, पायाचं न्हाई."

८ डिसेंबर, रविवार

काल मैलारच्या जत्रेला अर्धं गाव गेलं. फोन घरी, माणसं जत्रेत. माझ्या सालगड्याने इमानेइतबारे सगळ्या शेजाऱ्यांना मेसेज पाठवले आणि शेजारी कुलपं बघत गावभर पळाले. वीरण्णा अप्पांनी आज बोलावून घेतलं. "सुधारानी, लांडगा आला रे आला व्हायलंय. चार डाव असं झालं की पाचव्या डाव कोण जाणार न्हाई." म्हणणं बरोबर आहे. सणांची सोय करायला हवी.

२९ डिसेंबर, रविवार

उद्या येळवस, मार्गशीर्षातली वेळ अमावस्या. घरात सकाळपासून भज्जीच्या पालेभाजीचा आणि आंबिलीचा वास. अव्वाने बाजरीचे उंडे करायला पीठ काढलं आणि मी स्वयंपाकाच्या वाटेत लॅपटॉप घेऊन बसले म्हणून ओरडा खाल्ला.

उद्या गावात कुत्रंसुद्धा सापडणार नाही, सगळं शेतात. जत्रेचाच गोंधळ पुन्हा होणार. मी अव्वाला म्हटलं काय करू, तर ती म्हणाली, "गड्याला सुट्टी दे की. येळवसेला कुणी गड्याला राबवतंय का? पाप लागतंय."

गंमत म्हणून बोलली, पण तोडगा सरळ होता. जॉबमध्ये सुट्टीच्या तारखा लिहायची जागा केली, त्यात ३० डिसेंबर टाकलं. घरी चालवून बघितलं, पडद्यावर आलं: आज सुट्टी, फोन नाहीत. डिप्लॉय केलं. वीरण्णा अप्पांना सांगितलं, तेही म्हणाले, छान.

अव्वाला सांगितलं, तुझ्या सालगड्याला सुट्टी मिळाली. म्हणाली, "मग त्याला बी उंडे बांधून दे."

३० डिसेंबर, सोमवार

संध्याकाळ. आत्ताच शेतातून आलो. अंगाला शाळूचा वास आहे, पोटाला तडस लागलीय. कडब्याची कोप चांगली झाली होती, आत पाच पांडव म्हणून पाच दगड चुन्याने रंगवून मांडले होते, रामने आंबील शिंपडत शेताला फेरी घातली. येळवसेला ज्याला शेत नाही त्याला आवतण द्यायचं असतं. दर वर्षी राजूमावशी आमच्या गाडीत पुढे बसून यायची आणि वाटेत सगळ्यांच्या पिकाला नावं ठेवायची. या वर्षी तिची जागा रिकामी होती. सकाळी निघताना अव्वाने एका डब्यात भज्जी भरली होती, मग परत पातेल्यात ओतली.

शेतात अव्वाचा फोन दोनदा वाजला. तिने बघितलं आणि पदराखाली ठेवला. कोण म्हटलं तर, "कंपनीचा हाय."

आता तो डबा परत भरून तीच मावशीकडे गेली आहे. सणाच्या दिवशी भांडण मिटलं तर बरं होईल.

नंतर. राजूमावशी गेली. न्हाणीत पडलेली अव्वाला सापडली. डॉक्टर म्हणाले सकाळी पडली असणार, बराच वेळ जिवंत होती.

सकाळी.

३१ डिसेंबर, मंगळवार

तिचा मुलगा आप्पाराव हैदराबादहून पहाटे आला. दुपारी अग्नी दिला. अव्वा कालपासून तिच्या उशाशी बसली होती, उठायला तयार नव्हती. डोळ्यांतून पाणी नाही, काही नाही.

एक गोष्ट लिहून ठेवते, नाहीतर मलाच खरी वाटणार नाही. जॉब आज सुट्टीवरून कामावर आला. मी रोजच्यासारखे लॉग, म्हणजे त्याच्या कामाच्या नोंदी, उघडले. सात वाजता राजूमावशीला फोन गेला. उचलला. उत्तर: एक.

म्हणजे बरी आहे.

घर बायकांनी भरलेलं होतं. कुणीतरी वाजतोय म्हणून उचलला असेल आणि दाबलं असेल काहीतरी.

१ जानेवारी, बुधवार

राजूबाई, सात वाजता. उत्तर: एक.

आप्पारावला विचारलं, मावशीचा फोन कुठे आहे. म्हणाला, "सापडलाच न्हाई बघ अक्का. गर्दीत कुणी उचलला का काय की. जुना डबा व्हता, जाऊ दे." घराला कुलूप लावून, चावी घेऊन तो दुपारच्या गाडीने गेला.

३ जानेवारी, शुक्रवार

पुन्हा एक.

आज दिवसभर जॉबच्या मागे लागले. घरी चाचणी घेताना खऱ्या माणसांना फोन लावत नाही, त्याऐवजी जॉबला खोटी उत्तरं देते. सगळी 'एक'च. वाटलं, त्यातलंच एक खोटं उत्तर चुकून वर गेलं असेल. तसं निघालं तर किती बरं, म्हणून दहादा बघितलं. नाही निघालं. तरी चाचणीचं सगळं पुसून टाकलं, सुट्टीच्या तारखांची जागाही काढून टाकली आणि नव्याने डिप्लॉय केलं. यापुढे या गड्याला सुट्टी नाही.

पण मला जे टोचतंय ते हे नाही. येळवसेला सात वाजता फोन गेला असता. तिने एक दाबलं नसतं. अव्वाला मेसेज आला असता. सकाळी, संध्याकाळी नाही. मी सुट्टी दिली नसती तर मावशी जगली असती का, एवढाच प्रश्न आहे आणि तो विचारायला माणूस नाही.

४ जानेवारी

एक.

९ जानेवारी, गुरुवार

रोज एक. मी स्वतः त्या नंबरला दुपारी फोन लावून बघितला. वाजला, वाजत राहिला, कुणी उचलला नाही. म्हणजे फोन चालू आहे, चार्ज आहे. फक्त सातच्या फोनला उत्तर येतं. माझ्या आवाजाला.

आज जेवताना अव्वाला सहज म्हणून विचारलं, मेलेलं माणूस मागे राहतं का गं?

"आपल्यात लिंगैक्य होतंय, माणूस देवात मिसळतंय. भूत न्हाई होत."

हे मलाही माहीत आहे. शरणांनी सुतकसुद्धा ठेवलं नाही, भूत कुठलं ठेवायला. अडचण एवढीच की राजूमावशी आपल्यातली, लिंगायत, नव्हती.

अव्वा हल्ली नीट जेवत नाही. सकाळी उठून बसवण्णाच्या गुडीला, देवळात, जाते. आधी कधी जात नव्हती, इष्टलिंगाची पूजा घरीच करायची. जाऊ दे, तिला तेवढाच विरंगुळा. आज येताना पदरात कढीपत्ता घेऊन आली. गुडीजवळ कुणाचं झाड आहे देव जाणे, पण चांगला वासाचा होता.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. तिळगूळ द्यायला गेले तर वीरण्णा अप्पा फार खुशीत. भालकी तालुक्यातूनही मागणी आली आहे. "फेब्रुवारीत तिकडं बी चालू करू. नावं वाढव. आन् आपल्या यादीतली गेलेली नावं काढून टाक."

काढते म्हटलं. घरी आले, यादी उघडली, राजूमावशीच्या ओळीवर बोट ठेवून बसले. एक ओळ पुसायची आणि डिप्लॉय, पाच मिनिटांचं काम. पण रोज सात वाजता ती सांगतेय की मी बरी आहे, आणि एकदा मी तिला विचारायचं टाळलं तेव्हा काय झालं ते बघितलंय. पुन्हा कसं टाळू? नाही पुसलं.

मला भीती वाटतेय हे स्पष्ट लिहिते. इंजिनिअर असून वाटतेय.

२२ जानेवारी, बुधवार

आज जे केलं ते करायला नको होतं. अव्वा गुडीला गेल्यावर मी राजूमावशीच्या घरी गेले. सात वाजायचे होते. चांगलं उजाडलं होतं, समोर एक बाई सडा टाकत होती, भिण्यासारखं काही नव्हतं. पुढच्या दाराला आप्पारावचं कुलूप. मी दाराला कान लावून उभी राहिले.

आत फोन वाजला.

वाजायचा थांबला आणि मग कुलूपबंद घराच्या आतून माझा आवाज आला. बारीक, पण माझाच. 'राजूमावशी, मी सुधा. बऱ्या आहात ना?' आणि मग बटण दाबल्याचा आवाज.

मी चपला तिथेच टाकून पळाले. घरी आल्यावर लॉग बघितले. एक.

अव्वा थोड्या वेळाने आली. मला बघून म्हणाली, "तोंड कामून उतरलंय? ताप हाय का?" कपाळाला हात लावला. हात ओला आणि मातीचा होता. माझ्या कपाळाला विभूती लावली आणि चहा ठेवला. तिला काही सांगितलं नाही. ती आधीच निम्मी झाली आहे, तिच्या डोक्यात आणखी हे कशाला. चपला मात्र दारात नीट ठेवलेल्या सापडल्या, सडावाल्या बाईने आणून दिल्या असतील.

२७ जानेवारी, सोमवार

लिहिण्यासारखं काही नाही. एक.

अव्वाने आज मला दोनदा विचारलं, तुझं काही दुखतंय का. मी म्हटलं नाही. मग मी तिला विचारलं, तुझं काही दुखतंय का. तीही नाही म्हणाली.

२ फेब्रुवारी, रविवार

वीरण्णा अप्पा चिडले. भालकीची यादी येऊन पडली आहे आणि मी नुसती 'करते करते' म्हणतेय. "भिजत घोंगडं ठिवू नको. जमत न्हाई तर तसं सांग." जमत नाही असं कसं सांगू? ज्या जॉबने एका बाईला मरू दिलं आणि जो आता मेलेल्या बाईला जिवंत म्हणतो, तो आणखी शेकडो घरांत सोडायचा?

मी ठरवलं आहे. नाव पुसायच्या आधी तिला विचारणार. रोजचा निरोप नाही, फक्त त्या एका नंबरसाठी वेगळा, एकदाच जाणारा, शेजारी मेसेज न पाठवणारा. दार लावून रेकॉर्ड केला, चार वेळा आवाज फुटला, पाचव्यांदा जमला:

'राजूमावशी, मी सुधा. येळवसेला तुम्हाला फोन आला नाही, कारण मी तो बंद ठेवला होता. चूक माझी आहे. माझ्यावर राग असेल तर दोन दाबा. नसेल तर एक.'

घरी चालवून बघितला. अजून डिप्लॉय केलेला नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार

डिप्लॉय केला. उद्या सात वाजता.

५ फेब्रुवारी, बुधवार

सगळं जसं झालं तसं लिहिते.

सात वाजता लॉग उघडून बसले. राजूबाई: फोन उचलला. मग काहीच नाही. एक नाही, दोन नाही. फोन चालूच. निरोप संपून गेला असणार, तरी चालू. शेवटी जॉबने आपणच तोडला. उत्तर: नाही.

मी रडायला लागले. वाटलं, मावशी माफही करत नाही आणि रागावतही नाही, नुसती बघत उभी आहे.

तेवढ्यात मागच्या दाराने अव्वा आली. धापा टाकत, अनवाणी, पाय चिखलाचे. तिच्या हातात राजूमावशीचा फोन होता. तो तिने माझ्या लॅपटॉपवर ठेवला.

"सुधे, तुझ्यावर राग कामून आसंल तिला? तू काय केलीस?"

मी म्हटलं, हा तुझ्याकडे?

"तिच्या घरातच ठिवते, चार्जिंगला. गुडीचं नाव सांगून रोज तिकडंच जाते, तिच्या कढीपत्त्याला पाणी घालते. मागलं दार तिनं माझ्यासाठी कवाच लावलं न्हाई. आप्पारावाला ते उघडं आसतंय हे म्हाईत बी न्हाई." मग ती खाली बसली. भिंतीला टेकली. "तिनं मला फोन केल्ता, सुधे. येळवसेला. आपण शेतात व्हतो तवा. दोन डाव."

पदराखाली ठेवलेला फोन. कंपनीचा हाय.

"मला वाटलं, आवतण दिलं न्हाई म्हणून भांडायला करायलीय. म्हटलं, करू दे. संध्याकाळी भज्जी घिऊन जाते, मग भांडू. न्हाणीत पडल्ती तर फोन हातात व्हता बघ तिच्या. मी काढून घेतले. कुणी बघितलं आसतं तर माझं नाव दिसलं आसतं त्यात."

मी म्हटलं, आणि एक? रोज एक कशाला दाबत होतीस?

"दुसऱ्या दिशी तिच्या उशाला बसल्ते, तर कनवटीला फोन वाजला. तू बोलायलीस. राजूमावशी बऱ्या आहात ना. म्या एक न्हाई दाबलं तर निरोप मलाच येणार ना गं? जाऊन बघा म्हणून. कुठल्या तोंडानं बघू? बघायच्या दिशी बघितलं न्हाई." तिने पदर तोंडात धरला. "मग रोजच दाबायला लागले. दाबलं की वाटायचं, आज बी बरी हाय."

मी म्हटलं, अव्वा, पण सुट्टी मी दिली. फोन गेला असता तर तुला सकाळीच मेसेज आला असता.

"व्हय. मलाच आला आसता," ती म्हणाली. "तुझा सालगडी कामावर आसता, निरोप आला आसता, तरी म्या गेले आसते का, ते मला सांगता येत न्हाई. तेवढंच सांगता येत न्हाई बघ."

माझा प्रश्न आता आमचा दोघींचा आहे. तिने माझं डोकं मांडीवर घेतलं आणि पहिल्यांदा रडली, येळवसेपासून साठवलेलं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

अव्वाला म्हटलं, आता नाव काढते. ती नको म्हणाली.

"उद्या एक डाव राहू दे. तुझं ते जुनं बोलणंच लाव, हे नवं नको. म्या दाबत न्हाई. येऊ दे निरोप."

रोजचा निरोप परत जोडला, डिप्लॉय केलं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

सात वाजता राजूमावशीचा फोन आमच्या चुलीजवळ वाजला. अव्वा समोर बसून भाकरी थापत होती. तिने त्याच्याकडे बघितलं, हात पुढे केला नाही. थांबला. थोड्या वेळाने पुन्हा वाजला. पुन्हा थांबला.

मग तिच्या स्वतःच्या फोनवर मेसेज आला. तिला चष्म्याशिवाय वाचता येत नाही, म्हणून मीच वाचला: राजूबाईंनी उत्तर दिलं नाही. जाऊन बघा.

अव्वाने तवा उतरवला, हात धुतले, अंगावर शाल घेतली. मी येऊ का म्हटलं तर मानेनेच नको म्हणाली. पुढच्या दाराने गेली.

बऱ्याच वेळाने आली. शाल काढून खुंटीला लावली.

"बघून आले," ती म्हणाली. "न्हाई ती."

मग मी राजूमावशीची ओळ पुसली आणि घरी एकदा चालवून बघितलं. अव्वा माझ्या शेजारी येऊन बसली आणि पडद्याकडे बघत म्हणाली, "आता धाड त्याला."